नवीन शिफ्ट इनचार्ज झालात? मग हे वाचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे मध्ये प्रमोशनची लेटरं हातात पडली की मला ठरलेले फोन यायला लागतात. परवापर्यंत सेटर (मशीन लावून देणारा) असलेला किंवा क्वालिटीला गेज (माप तपासायचं साधन) घेऊन फिरणारा पोरगा, आज एकदम शिफ्ट इनचार्ज, हाताखाली 18-20 माणसं. पेढे वाटून होतात, स्टेटस ठेवून होतं, आणि दहाव्या दिवशी फोन, "दादा, जुनंच काम बरं होतं ओ." मी डिप्लोमा करून लागलो, आठ वर्षं मशीन शॉपला काढली, मग भोसरी आणि चाकण मिळून चौदा वर्षं माणसं सांभाळतोय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून काढलं. हा सगळा ऑटो पार्ट्सच्या छोट्या-मध्यम कंपन्यांतला अनुभव आहे, आयटीवाल्यांनी आपापलं लावून बघावं.

पहिल्या आठवड्यात नक्की काय करायचं?

काहीही बदलायचं नाही. खरंच सांगतो, नवीन माणसाला पहिल्या दिवशीच लेआउट बदलायची, रजिस्टर बदलायची, चहाची वेळ बदलायची फार हौस असते. थांबा जरा. शिफ्ट सुरू व्हायच्या 20 मिनिटं आधी या, आधीच्या इनचार्जबरोबर लाईनवरून एक चक्कर मारा, कुठलं मशीन कुरकुरतंय, कुठला माल होल्डवर आहे, कोण आलेलं नाही हे मशीनपाशी उभं राहून ऐका. ऑफिसात बसून घेतलेला हँडओव्हर म्हणजे निम्मा हँडओव्हर.

आणि प्रत्येक माणसाशी पाच-पाच मिनिटं बोला. मी तीन गोष्टी विचारतो: कुठली कुठली मशीन येतात, कामात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो, आणि कंपनीत येता कसे. तिसरा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा वाजता कोणाला शेअर रिक्षा मिळत नाही, कोण तिघं एका गाडीवर येतात (म्हणजे एक दांडी मारणार तर तिघं मारणार) हे त्यातूनच कळतं. सगळं वहीत लिहा, मोबाईलमध्ये नको, मोबाईल काढला की समोरचा बोलायचा थांबतो.

मला काम सगळ्यात चांगलं येतं, मग अडलं की मीच करून टाकलं तर काय बिघडलं?

इथेच सगळे आपटतात, मी पण आपटलोय. प्रमोशन मिळतं ते हात चांगला आहे म्हणून, आणि प्रमोशननंतर पहिलं काम काय, तर तो हात मशीनवरून काढायचा. हे पचायला मला वर्ष लागलं.

माझा किस्सा सांगतो. इनचार्ज होऊन तीन आठवडे झाले असतील. एका सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, ओव्हरसाईज जायला लागला, ऑपरेटर नवीन, तो इन्सर्ट (कापणारं टोक) बदलून ऑफसेट (मापाची दुरुस्ती) टाकायला घाबरत होता. मी त्याला म्हटलं सरक, आणि स्वतः घुसलो. मजा आली, खोटं कशाला बोलू, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतं. चाळीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात लाईनच्या दुसऱ्या टोकाला हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) न झालेला एक ट्रॉलीभर माल ग्राइंडिंगला चढला, कारण ट्रॉलीवर टॅग नव्हता आणि विचारायला इनचार्ज जागेवर नव्हता. सहाशेच्या आसपास पीस. एक मशीन चालू केलं आणि अख्खी शिफ्ट घालवली. वर तो ऑपरेटर दुसऱ्या दिवशी परत "साहेब जरा येता का" म्हणून हजर, कारण शिकला काहीच नव्हता.

तेव्हापासून एक सवय लावली. मशीनपाशी गेलो की हात मागे बांधायचे. शब्दशः. ऑपरेटरनेच बटण दाबायचं, मी फक्त विचारायचं: "आता काय बघणार? मग? साईज किती आली?" दहा मिनिटांच्या कामाला पंचवीस लागतात, जीव वर-खाली होतो, पण पुढच्या वेळी हाक येत नाही. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी आहे आणि शेवटचे वीस पीस राहिलेत, अशा वेळी घुसा, बिनधास्त घुसा. ते आठवड्यातून चार वेळा व्हायला लागलं तर मात्र प्रॉब्लेम गाडीचा नाहीये.

मग शिकवायचं कसं? मला समजावून सांगता येत नाही.

कोणालाच येत नाही, शिकावं लागतं. यावर सगळ्यात कामाची गोष्ट मला सापडली ती बरीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जाणते कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखी माणसं आली, आणि त्यांना पटकन तयार करायचं होतं. म्हणून 1940 मध्ये सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम सुरू केला, आणि तो कामगारांसाठी नव्हता बरं का, सुपरवायझरांसाठी होता. दोन-दोन तासांचे पाच वर्ग, संपला कोर्स. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला, टोयोटाने उचलला आणि त्यांच्याकडे तो मुरला. आज आपण जे स्टँडर्ड वर्क (काम करायची ठरवून दिलेली पद्धत) वगैरे म्हणतो त्याची एक मुळी तिथे आहे.

त्यात शिकवायच्या चार पायऱ्या आहेत. आधी माणसाला तयार करा, म्हणजे त्याला आधी काय येतं ते विचारा आणि घाबरला असेल तर भीती घालवा. मग करून दाखवा, एका वेळी एक पायरी, आणि प्रत्येक पायरीला कुठे सांभाळायचं आणि का, ते सांगा. मग त्याला करू द्या आणि करता करता त्यालाच बोलायला लावा. शेवटी एकटा सोडा, पण अधूनमधून बघत रहा, अडला तर कोणाला विचारायचं ते सांगून ठेवा. आणि कोर्सबरोबर मिळणाऱ्या कार्डवर एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मला हे वाक्य सुरुवातीला फार झोंबलं होतं.

आपण तिसरी पायरी गाळतो. "समजलं का?" "हो साहेब." झालं! "हो साहेब" म्हणजे समजलं असं नसतं, "आता तुम्ही जा" असं असतं. त्याच्या तोंडून वदवून घ्या, "क्लॅम्प आधी का, कूलंट नंतर का", मग कळतं किती शिरलंय. ओडिशा-बिहारचा मुलगा असेल तर हिंदीत बोला, आपलं हिंदी कसंही असलं तरी चालतं, हसू द्या त्याला.

कालपर्यंत एकाच टपरीवर चहा प्यायचो, आता तेच मित्र हाताखाली आहेत. काय करू?

चहा पीत रहा. टपरी सोडलीत तर "मोठा झाला" म्हणतील आणि ते खरंच असेल. फक्त दोन गोष्टी बंद करा, तिथे बसून तिसऱ्या माणसाबद्दल बोलणं आणि वरच्या मीटिंगमधलं खाली सांगणं.

सगळ्यात जवळचा जो मित्र आहे ना, त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात सरळ बोला. "बाबा, तू उशिरा आलास तर मला तुझंच नाव आधी लिहावं लागेल, नाहीतर बाकीच्यांना काय तोंड दाखवू." मी हे बोललो नव्हतो. माझा रूम पार्टनर माझ्याच शिफ्टला होता, त्याचे तीन लेटमार्क मी सोडून दिले आणि चौथ्या दिवशी दुसऱ्याचा लावला. दुपारपर्यंत अख्ख्या शॉपला माहीत. ती गोष्ट निस्तरायला सहा महिने गेले, आणि रूम पार्टनर पण गेलाच शेवटी, वाईट वाटून.

वयाने मोठी माणसं ऐकत नाहीत, "तू कालचा पोरगा" म्हणतात.

म्हणू द्या, तुम्ही आहातच कालचे पोर. ज्या माणसाला सगळे मामा म्हणतात त्याला तुम्ही पण मामाच म्हणा, खुर्ची मिळाली म्हणून नावाने हाक मारायला जाऊ नका. पण काम सांगताना गुळमुळीत बोलू नका. "मामा, जमलं तर बघा" असं नको, "मामा, आज 3 नंबरला तुम्ही बसा, नवीन फिक्स्चर आहे, तुमच्याशिवाय दुसऱ्याचा भरवसा वाटत नाही" असं. यात लोणी नाही, खरंच असतं ते, वीस वर्षं मशीनचा आवाज ऐकलेला माणूस बेअरिंग जायच्या दोन दिवस आधी सांगतो. त्याला चारचौघांत विचारा. एकदा विचारलंत की निम्मा विरोध तिथेच संपतो. उरलेला निम्मा राहतो, त्याच्याबरोबर जगायला शिका.

चूक झाली तर ओरडायचं की नाही?

ओरडून रिजेक्शन कमी झालेलं मी तरी बघितलं नाही, लपवलेला माल मात्र वाढलेला बघितलाय. स्क्रॅपच्या बिनमध्ये तळाशी, कापडाखाली, एकदा तर चक्क लॉकरमध्ये.

बोलायचं बाजूला घेऊन, त्याच दिवशी, आणि पीस हातात घेऊन. "तू नेहमीच असं करतोस" याला काही अर्थ नाही, "आज साडेदहाच्या चेकिंगला साईज लिहिलेली नाही, साडेअकराला 14 पीस गेले" याला आहे. मग गप्प बसा आणि त्याचं ऐका. दहातल्या सहा वेळा कारण माणसात नसतंच, गेज तिकडे दुसऱ्या लाईनवर गेलेला असतो, ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं असतं, नाहीतर दोन मशीनला एक माणूस लावलेला असतो आणि तो तुम्हीच लावलेला असतो. (हे दहातले सहा म्हणजे माझा अंदाज, कोणी सर्व्हे केलेला नाही.)

कौतुक मात्र सगळ्यांसमोर, आणि लगेच. दिवाळीला बोनसबरोबर करू म्हणून साठवून ठेवू नका.

लोक नक्की कशाने नाराज होतात?

पगार तुमच्या हातात नाही, तो सोडून द्या. वर ज्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं त्यातच माणसांशी कसं वागायचं याचा पण एक भाग होता, आणि त्यात चार मुद्दे होते: माणसाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगत रहा, चांगलं केलं तर श्रेय द्या, त्याच्यावर परिणाम होणारा बदल आधी सांगा, आणि प्रत्येकाच्या अंगात जे आहे त्याचा वापर करा. ऐंशी वर्षं होऊन गेली, पण माझ्याकडे आलेल्या भांडणांतली बहुतेक सगळी तिसऱ्या मुद्द्याची निघाली. शिफ्ट बदलली आणि नोटीस बोर्डवर कळलं. मशीन बदललं आणि हजेरी लावताना कळलं. बदलाला नाही हो चिडत माणूस, शेवटी कळल्याला चिडतो. ज्याची बायको बाळंतपणाला आलीये त्याला नाईट लावायची वेळ येऊ शकते, पण ते त्याला चार दिवस आधी तुमच्या तोंडून कळू द्या.

सुट्ट्यांचं गणित कसं बसवायचं? गणपतीत लाईन रिकामी होते.

कॅलेंडर घ्या आणि जानेवारीतच बसा. कोकणातले गणपतीला जाणारच, तिथे वाद नाही. मराठवाड्या-विदर्भातले मृगाच्या पेरणीला आणि दिवाळीत, पंढरपूरकडचे आषाढीला, बिहारचे छठला, आणि गावची यात्रा प्रत्येकाची वेगळी. वर एप्रिल-मे ची लग्नसराई. हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून लाईनपाशी लावलं की लोक आपसातच जमवून घेतात, "तू गणपतीला जा, मी दिवाळीला जातो". तुम्ही फक्त एकच नियम सांगायचा, एका वेळी जास्तीत जास्त किती जण जाऊ शकतात. आणि तो आकडा स्किल मॅट्रिक्स (कोणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता) बघून ठरवा, नुसती डोकी मोजून नको. वीसपैकी तीन गेले तर चालेल, पण तिन्ही सेटर गेले तर कुलूप लावा.

इथे आपल्याकडे गुरुवारची सुट्टी असते, तिला जोडून बुधवार-शुक्रवार टाकणारे महाभाग वेगळेच. त्यांची नावं तुम्हाला दोन महिन्यांत पाठ होतील.

मॅनेजमेंटचे आकडे डोक्यावरून जातात. ओईई म्हणजे काय?

घाबरू नका, सातवीचं गणित आहे. मशीनचा जेवढा वेळ हातात होता त्यातला किती टक्के चांगला माल काढण्यात गेला, ते म्हणजे ओईई. समजा शिफ्ट 480 मिनिटांची, जेवण-चहाची 30 गेली, राहिली 450. त्यात 45 मिनिटं मशीन बंद होतं, म्हणजे चाललं 405. 405 ला 450 ने भागलं की 90 टक्के, ही झाली अव्हेलेबिलिटी. सायकल टाइम एक मिनिट, म्हणजे 405 पीस निघायला हवे होते, निघाले 360, हे 88.9 टक्के, परफॉर्मन्स. 360 मधले चांगले 351, म्हणजे 97.5, क्वालिटी. तिघांचा गुणाकार 78 टक्के. पटत नसेल तर 351 ला 450 ने भागा, तेच येतं.

साहेब 78 बघतो, तुम्ही ते तीन तुकडे बघा. वरच्या उदाहरणात सगळे 45 मिनिटांच्या ब्रेकडाऊनच्या मागे लागतील कारण तो दिसतो, पण मशीन चालू असताना जे 45 पीस कमी निघाले त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. तितकंच नुकसान आहे ते. पीस उचलायला लांब जावं लागतंय का, चिप अडकतेय का, बघा जाऊन. मी एकदा फक्त ट्रॉली मशीनच्या डावीकडे घेतली होती.

वरच्या साहेबांना वाईट बातमी कशी सांगू?

लवकर. टार्गेट चुकणार हे तुम्हाला अकरा वाजता कळलेलं असतं आणि आपण साडेतीनला सांगतो. अकराला सांगितलं तर साहेब ओरडेल, पण गाडी मागे-पुढे करता येते, कस्टमरला फोन करता येतो. साडेतीनला सांगितलं तर फक्त ओरडता येतं. सांगताना तीन वाक्यं पुरतात, काय झालं, किती कमी पडणार, मी काय करतोय आणि तुमच्याकडून काय हवंय. आणि ऑपरेटरचं नाव घेऊ नका. शिफ्ट तुमची, कमी पडली तर तुमची पडली.

रोज मीटिंग घ्यायची का?

पाच मिनिटं, उभ्याने, लाईनपाशी. काल काय झालं, आज काय आहे, कोणाला काय सांगायचंय. भाषण नको.

सेफ्टीच्या बाबतीत मी किती कडक असावं?

इथे मात्र मैत्री, वय, मामा, काही बघू नका.

पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं का दिलेली असतात? दोन्ही हात बटणावर असले तर डायमध्ये (साच्यात) एकही हात नसतो, इतकं साधं कारण आहे. आणि टार्गेटच्या नादात लोक एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवतात. मी एका शॉपला हे रोज बघत होतो, मी तेव्हा इनचार्ज नव्हतो म्हणून गप्प होतो, इनचार्जला माहीत होतं पण पीस निघत होते म्हणून तो गप्प होता. मग एका मुलाची दोन बोटं गेली. बावीस वर्षांचा होता. मशीन त्यानंतर तासाभरात दुरुस्त झालं, चिकटपट्टी काढायला किती वेळ लागतो.

म्हणून माझ्याकडे गार्ड काढलेला, सेन्सर बायपास केलेला, मशीन चालू ठेवून आत हात घातलेला दिसला की मशीन बंद. डिस्पॅच गेला तरी बंद. मेंटेनन्स आत काम करत असेल तर मेन स्विचला कुलूप, आणि चावी आत काम करणाऱ्याच्याच खिशात, दुसऱ्या कोणाच्या नाही. आणि तुम्ही स्वतः सेफ्टी शूज न घालता शॉपवर एकदा जरी फिरलात ना, तर सहा महिने कोणाला काही बोलू नका.

ओव्हरटाइमला कोणी थांबत नाही, जबरदस्ती करू का?

नाही. कायद्याने आठवड्याला 48 तास, त्याच्या वर गेलं की दुप्पट दराने पैसे, हे तुम्हाला तोंडपाठ पाहिजे, कारण काँट्रॅक्टच्या मुलांना हे कोणी सांगत नाही आणि त्यांचे पैसे मधल्यामध्ये मारले गेले तर राग तुमच्या लाईनवर निघतो. आणि दर गुरुवारी माणसं बोलवावी लागत असतील तर प्लॅनिंग चुकतंय, ते वर सांगा.

लाईनवरच्या एका मुलीने तक्रार केली की अमुक माणूस त्रास देतो. मी दोघांना समोरासमोर बसवून मिटवू का?

अजिबात नको. हेतू चांगला असतो, मला माहितीये, घरातली गोष्ट घरात मिटवायची सवय असते आपल्याला. पण 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, अध्यक्ष बाईच असते, आणि चौकशी तीच करते. तुमचं काम इतकंच की नीट ऐकून घ्यायचं, "तू पण तशी का गेलीस" असलं एक अक्षर बोलायचं नाही, समितीकडे लेखी तक्रार कशी करायची ते सांगायचं (साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून "बघू नंतर" म्हणू नका), आणि जेवणाच्या टेबलवर यातलं काही काढायचं नाही. कंपनीत समितीच नसेल तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिथे जाता येतं.

एमबीए करू का? निदान एखादा कोर्स?

करा, पण वर्षभराने. आधी वही भरा.

प्रमोशन झालं आणि हातात येणारा पगार कमी झाला! असं कसं?

होतं असं, आणि हे आधी कोणी सांगत नाही. बहुतेक कंपन्यांत इनचार्ज झालं की ओव्हरटाइम बंद, आणि ज्याचा निम्मा हप्ता ओव्हरटाइमवर निघत होता त्याचं गणित कोलमडतं. लेटरवर सही करायच्या आधी मागच्या बारा महिन्यांच्या स्लिपा काढा, ओव्हरटाइम आणि नाईट अलाउन्स धरून महिन्याची सरासरी काढा, आणि नवीन लेटरमधल्या हातात येणाऱ्या आकड्याशी ताडून बघा. वार्षिक सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) बघून हुरळून जाऊ नका, त्यात ग्रॅच्युइटी पण धरलेली असते. फरक असेल तर तो कागद घेऊन एचआरकडे जा, सहीच्या आधी. मी सही करून मग गेलो होतो. बाईंनी छान चहा पाजला, वेलची घालून.